दहाला सुटणार, अकराला पोचणार

माझी आत्या विमानाची तिकिटं काढून देते. कुणी अंतर विचारलं तर ती संगणकाकडे ढुंकूनही बघत नाही. टेबलावरचा पृथ्वीगोल फिरवते, एका विमानतळावर अंगठ्याने दोरा दाबते, दुसऱ्यापर्यंत ताणते, पट्टीवर मोजते आणि किती तास लागतील ते सांगून मोकळी होते. वर बजावते, विमानतळावरची रखडपट्टी यात धरलेली नाही. चपलांचं दुकान आणि चष्म्यांचं दुकान यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं तिचं दुकान याच तोऱ्यावर चालतं. तिचं उत्तर चुकल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि चुकलं असतं तरी तिने कबूल केलं नसतं.

एकच गिऱ्हाईक तिच्या हाती लागत नव्हतं. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे बाबा. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून बिनधास्त चालायचे, पण परांची जमिनीत रोवलेली असते, विमान कशात रोवलंय, असं विचारायचे. लग्न होऊन लांब गेलेल्या ताईचे दिवस भरत आले होते. आई नाही, निदान बाबा तरी जवळ हवेत, एवढंच ती फोनवर म्हणायची. बाबा म्हणायचे, बघू. त्या ‘बघू’ला मी पुरता विटलो होतो.

शेवटी आत्याने जायचं तिकीट त्यांच्यापुढे ठेवलं. दहाला सुटणार, अकराला पोचणार. बाबांचा चेहरा खुलला. एक तास काय, डोळे मिटून काढू, म्हणाले. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा चार तास मागे आहेत, हे आत्या बोलली नाही. मी तोंड उघडणार, तोच तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला राग आला, पण ताईसाठी गिळला.

दुसऱ्या दिवशी बाबा बॅगेचं वजन किती चालतं ते विचारायला दुकानात आले, आणि परतीचं तिकीट त्यांच्या नजरेला पडलं. दहाला सुटणार, संध्याकाळी सातला पोचणार. जायला एक तास आणि यायला नऊ? येताना विमान ढकलत आणायचंय का, असं त्यांनी विचारलं. मला हसू फुटलं. आत्याचा मात्र सगळा तोरा उतरला.

"तुला फसवायला नको होतं, दादा," ती म्हणाली. "पाच तास लागतात. जाताना पाच, येताना पाच. तिथलं घड्याळ चार तास मागे असतं, ते मी लपवलं."

बाबा उठले. संपलं, आता ताई एकटीच, असं मला वाटलं. पण ते दाराकडे न जाता गोलापाशी गेले आणि त्यांनी दोरा मागितला. भिंत सरळ आहे की नाही हे आयुष्यभर दोरीलाच विचारलेला माणूस. त्यांनी दोरा जाताना ताणला, येताना ताणला. दोन्हीकडून सारखाच भरला. मग गोलावर बोटं टेकवून बघितली.

"चार बोटं," ते स्वतःशीच म्हणाले. मग आत्याकडे वळले. "आणि घड्याळ मागे जातं, ते चार तास?"

"ते तुझे," आत्या म्हणाली. "सकाळी निघशील आणि उतरशील तेव्हा तिथे सकाळच असेल. अख्खा दिवस लेकीजवळ बस."

बाबांनी परतीचं तिकीट उचलून तिच्या हातात ठेवलं.

"हे बदल," ते म्हणाले. "बाळ मान धरेल तेव्हाचं काढ."