सानगडीत बोलला गेलेला डॅनिश सिनेमा

साकोलीहून एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक डॅनिश दारुडा होता. म्हणजे त्याच्यावरचा जुना, काळापांढरा सिनेमा, पेनड्राइव्हमध्ये. सानगडीला शिक्षिका असलेली माझी मावसबहीण शालू गावात सिनेमे दाखवते. दारूवरचा एखादा आण, म्हणाली. पुण्याहून मी सिनेमा आणला आणि वर पंधरा मिनिटांचं प्रास्ताविकही.

वाटेत दोन्हीकडे धानाच्या बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे). शालूकडे भात, लाखोळीची डाळ आणि बोडीतले (शेततळ्यातले) झिंगे होते. तिसऱ्यांदा भात घेतला आणि निम्मं प्रास्ताविक विसरले.

दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या लावून सिनेमा सुरू केला, आणि माझी फजिती झाली. पडद्याखालची अक्षरं इंग्रजी! मी भाषांतर करू लागले.

"बाई, तुमची मराठी बी समजून नाही राहिली," मागून आवाज आला.

शालूनं देवाजीभाऊंना माझ्याशेजारी बसवलं. इकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी वर्षानुवर्षं बेवडा रंगवला आणि शेवटी भूमिका घरीच घेऊन आले. आता तीन महिने दारू बंद होती. पुन्हा प्याले तर त्यांची बायको सरूबाई सिहोऱ्याला माहेरी जाणार, हे तिनं गावभर सांगून ठेवलं होतं. ती पहिल्याच रांगेत होती.

मी कानात अर्थ सांगायची, ते बोलायचे. सुटाबुटातला डॅनिश साहेब बायकोला "काहून रडून राहिली वो?" म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

शेवटी मात्र तो माणूस पुन्हा पितो, हे मला फार उशिरा आठवलं. पडद्यावर पेला उचलला गेला. देवाजीभाऊंचा हातही हवेतला पेला धरून तोंडाकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला.

"नाही," ते म्हणाले, "ठेवला त्यानं खाली."

पडद्यावर तो घटाघटा पीत होता.

"काहून खोटं सांगता, भाऊ? पिऊन राहिला ना तो!" कोणीतरी ओरडलं.

सरूबाई उठली. "पिऊ दे त्याले. माहा नवरा ठेवून राहिला ना, ते पाहा."

टाळ्या पडल्या. झाडीपट्टीच्या रीतीप्रमाणे वन्समोअरही आला. मी सिनेमा दोनदा मागे नेला. साहेब दोनदा प्याला, देवाजीभाऊंनी दोनदा पेला ठेवला. शेवटच्या वेळी त्यांचा हात तोंडाकडे गेलाच नाही.

परतताना कारध्याच्या पुलावर मला त्या साहेबाची दया आली. त्याला वन्समोअर द्यायला कुणीच नव्हतं.