एक रिकामा ठोका

नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात डॉक्टर ढिगानं आहेत, इंजिनीअर तर विचारूच नका. बेस गिटार वाजवून पोट भरणारा मात्र एकच, शार्दूल. त्यानं इंजिनीअरिंग अर्ध्यावर सोडलं तेव्हा त्याच्या आईनं मला फोन करून मनसोक्त रडून घेतलं होतं. "सरला, हा चार तारा घेऊन काय करणार गं?" मी तरी काय सांगणार? ती मेली गिटार नीट ऐकूही येत नाही, नुसती पोटात वाजते.

पण पोरानं नाव काढलं. कित्येक वर्षं शिकागोच्या क्लबांत दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवलं, मग स्वतःचा बँड काढला, गाणी लिहायला लागला. त्या संगीताला फंक म्हणतात. ते ऐकताना पाय आपोआप हलतात, माझेसुद्धा. त्याचं एक गाणं देशभर गेलं. त्यातली सगळी गंमत एका जागेत आहे. बेस धडधडत येते आणि ऐन ठोक्यावर गप्प होते, आणि त्या रिकाम्या ठोक्यावर अख्खा हॉल ओरडतो. कॉलेजातली पोरं व्हिडिओ लावून ती जागा शिकतात, दुसरे बँडही तसेच थांबायला लागलेत. चाल कुठून आणलीस विचारलं की शार्दूल सांगायचा, "ट्रॅडिशनल मराठी पाळणा आहे." रेकॉर्डवरही 'पारंपरिक' असंच छापलं होतं.

ती चाल त्यानं आमच्या मंडळातल्याच सुलभाकडून ऐकलेली. त्याचे आईबाप सकाळच्या गाडीनं शिकागोला कामाला जायचे तेव्हा तो दिवसभर सुलभाकडे असायचा. दुपारी ती त्याला थोपटत पाळणा म्हणायची आणि प्रत्येक कडव्यात एका ठिकाणी थांबायची. आम्हाला वाटायचं, दम खाते. आणि पाळणा कुणी रचला हे आपल्यात विचारतं कोण? आईकडून, आजीकडून आलेला असणार, असं आम्ही धरून चाललो. शार्दूलनंही तेच धरलं.

गेल्या दिवाळीत मंडळानं त्याचा सत्कार केला. त्यानं तेच गाणं वाजवलं. "मी थांबलो की ज्याला जे वाटेल ते ओरडा, यार!" कुणीतरी "समोसा!" ओरडलं आणि हॉल खो खो हसला. मग जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या सुलभाच्या तो पाया पडला.

"काकू, ओळखलंस ना? तुझ्या गावचाच ना तो पाळणा?"

"गावचा नाही रे," सुलभा भात वाढून घेत म्हणाली. "मी केला होता. अदितीसाठी."

शार्दूलनं माझ्याकडे पाहिलं. मलाही कुणी अदिती माहीत नव्हती.

"माझी मुलगी. या देशातल्या पहिल्याच हिवाळ्यात झाली, तुम्ही कुणी इथं यायच्या आधी. नणंद येणार होती बारशाला, कानात नाव सांगायला. तिच्या पाठीत धपाटे घालायला इथल्या चार बायकाही जमवल्या होत्या. बारशाच्या आदल्या दिवशी पोर गेली." तिनं ताटात वरण घेतलं. "नाव आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता तुझे विष्णूकाकाही नाहीत. तुला झोपवताना पाळणा ओठांवर यायचा, पण नावाच्या जागी आवाजच फुटायचा नाही."

"आणि मी तिथं समोसा..." शार्दूलनं ताट ठेवून दिलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यानंतर पोरानं स्वतःला फार छळलं. रेकॉर्ड कंपनीशी भांडून 'पारंपरिक' काढायला लावलं, सुलभाचं नाव घालून घेतलं. ते गाणं वाजवणं बंद केलं. पण बाकीचे वाजवत होते त्यांचं काय करणार? माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा, पुढ्यातला चहा गार व्हायचा. "काकू, जिथं तिथं लोक त्या जागेवर ओरडतायत. ते मी शिकवलंय. कसं अनडू करू?" मला त्याची दया यायची आणि आम्हा बायकांचा राग यायचा. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून पापड लाटले, पण का थांबतेस म्हणून एकीनं विचारलं नाही.

गाणं बंद केल्याचं कळलं तेव्हा सुलभा त्याच्यावर उखडली. "माझ्या पोरीचा पाळणा बंद करणारा तू कोण रे? तिच्यासाठी कधी चार माणसं जमली नव्हती. तुझ्यामुळे हजारो नाचले. वाजव गपचूप!"

या उन्हाळ्यात नदीकाठच्या उघड्या मंचावर त्यानं ते वाजवलं. सुलभा मला ओढूनच घेऊन गेली. शार्दूल गर्दीला ओरडा म्हणाला नाही, समोर बघतही नव्हता. बेस धडधडत आली, त्यानं तारांवरचा हात उचलला आणि मान खाली घातली. लोकांना शिकवायची गरज नव्हती. सगळे ओरडले.

माझ्या शेजारी सुलभा उठून उभी राहिली होती. त्या गोंगाटात तीही ओरडली, जिवाच्या आकांतानं, "अदिती!"

मी तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.