चार आठवडे टांगलेला हॅम

हंगेरीतल्या मोहाच गावात आपोलोनियाला सगळे पोली म्हणत. लाकडी पिंपं करणाऱ्या जर्मन लोरेन्त्सची ही बायको. रोज सकाळी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसायची, शुक्रवारी घरात मांस शिजू द्यायची नाही. तिच्या हातच्या हॅमचं, म्हणजे खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांडीचं, तर गावातल्या जर्मनांइतकंच हंगेरियनही नाव काढायचे.

दरवर्षी ईस्टरनंतरच्या शनिवारी गावची हौशी मंडळी ऑपेरेटा, म्हणजे गाण्यांचं हलकंफुलकं नाटक, करत. त्या वर्षीचा होता जर्मन गिरणीवाल्याच्या मुलीचा आणि नदीपलीकडच्या सर्ब होडीवाल्याचा. गिरणीवाल्याची मुलगी झाली होती पोलीची ओटिलिया. होडीवाला होता स्वेतोझार, खराखुरा सर्ब, चांभाराचा मुलगा. तालमी सुरू होऊन महिनाही झाला नसेल, तोच ओटिलियाने घरी सांगून टाकलं की लग्न करीन तर त्याच्याशीच. लोरेन्त्स म्हणाला, "नाटकात आहे ते नाटकातच राहू दे की." पोलीने ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पोराला जेवायला बोलावलं. बघू तरी, म्हणाली.

आदल्या शनिवारी चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेला हॅम तिने मधोमध ठेवला. स्वेतोझारने पाव खाल्ला, किसलेला झणझणीत मुळा खाल्ला, पोट बिघडलंय म्हणाला आणि हॅमला हात लावला नाही. पोलीच्या मनात ते काट्यासारखं सलत राहिलं. आशीर्वादाचं अन्न नाकारतो तो आपल्याला काय स्वीकारणार? तो गेल्यावर तिने ओटिलियाला सांगितलं, या माणसाच्या घरी मी तुला पाठवणार नाही. ओटिलिया रडली नाही. ताटं विसळत राहिली, तेच पोलीला जास्त लागलं.

पण नाटकाचे कपडे शिवायचं काम पोलीकडेच होतं आणि शेवटच्या अंकातली मेजवानीसुद्धा. त्या अंकात नाटकातली मुलीची आई होडीवाल्याला आपल्या हाताने हॅम भरवते. त्याने तो खाल्ला की तो जावई झाला, मग दोघांचं गाणं सुरू होतं. मोहाचमध्ये रंगमंचावरचं जेवणही खरंच लागतं, नाहीतर लोक हसतात. शिवाय गाणं आवडलं की सगळं थिएटर एका ठेक्यात टाळ्या वाजवतं, आणि थांबेपर्यंत तो प्रवेश घासापासून पुन्हा करावा लागतो.

रंगीत तालमीनंतर पोली होडीवाल्याच्या कोटाची सुटलेली शिवण घालायला बसली. आतल्या खिशाला हात लागला तर तेलकट. खिशात रुमाल होता आणि रुमालात तिच्याच हॅमचे तुकडे. एकालाही दात लागलेला नव्हता.

ती तशीच उठून पडद्यामागे गेली. स्वेतोझार तोंडाचा रंग पुसत होता.

"विष घातलंय का मी यात?" तिने रुमाल त्याच्यासमोर धरला.

त्याची मान खाली गेली. "काकू, आम्ही ऑर्थोडॉक्स, आमचं पंचांग वेगळं. आमचं ईस्टर अजून चार आठवड्यांनी आहे. आमचा मोठा उपास चालू आहे, मांस, दूध, अंडं काही चालत नाही."

"मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं?"

"पहिल्यांदाच तुमच्या घरी आलो होतो. सांगितलं असतं तर तुम्ही उठून माझ्यापुरतं वेगळं रांधलं असतं. सणाच्या दिवशी तुम्हाला चुलीपाशी कशाला पाठवायचं?"

नाटकाची तारीख ठरवताना सगळ्यांनी आपलंच ईस्टर पाहिलं होतं, आणि त्या सगळ्यांत पोली स्वतः होती. बाळंतपणाच्या ओल्या अंगानेही शुक्रवार न मोडणारी ती! आणि या पोराच्या तोंडाशी, त्याच्या उपासात, तीच मांस नेत होती.

शनिवारी पहाटे तिने कणीक भिजवली. सवयीने हात डुकराच्या चरबीच्या बरणीकडे गेला, तो तिने मागे घेतला. दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. पीठ, मीठ, पाणी आणि खसखशीचं तेल. हॅमच्या आकाराचा गोळा आतून बिटाच्या रसाने गुलाबी केला, वरून कांद्याच्या सालींच्या पाण्याने तांबूस. भाजून झाल्यावर लोरेन्त्स सुरी घेऊनच आला. चव घेऊन म्हणाला, "डुक्कर फार धार्मिक होतं वाटतं."

त्या रात्री टाळ्या थांबेनात. तीनदा तो प्रवेश झाला, तीनदा घास भरवला गेला. पहिल्या घासाला स्वेतोझार क्षणभर थबकला, चावला, आणि त्याने गाता गाता विंगेत पाहिलं. तिथे पोली सुईदोरा घेऊन उभी होती. तिने नुसती मान हलवली. खा, असं. ओटिलियाने ते पाहिलं आणि तिचा सूर जरासा हलला. लोकांना वाटलं, पोरगी काय भूमिकेत शिरलीय.

घरी आल्यावर पोलीने माळ्यावरच्या धुरात टांगलेला दुसरा हॅम चाचपून पाहिला. हा आता कापायचा नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं.

"कधीपर्यंत?"

"जावयाचा उपास सुटेपर्यंत."

चार आठवड्यांनी, सर्बांच्या ईस्टरला, पोली आपली मिस्सा आटोपून, राखलेला हॅम टोपलीत घालून त्यांच्या चर्चपाशी गेली. आत जावं की नाही हे तिला कळेना. ती फाटकातच थांबली आणि तिने आपल्या पद्धतीने छातीवर क्रूसाची खूण केली. आतून स्वेतोझारची आई बाहेर आली, टोपलीतलं फडकं उचलून तिने पाहिलं आणि टोपलीचा दुसरा कान धरला. दोघी मिळून ती आशीर्वादासाठी आत घेऊन गेल्या.