ज्याच्याकडे बॉल जात नाही

२ सप्टेंबर १९८६, मंगळवार. येत्या रविवारी मंडळाचा गणपती होता आणि साठ माणसांच्या मोदकांचं सारण माझ्याकडे आलं होतं, म्हणून मी माझ्या मोठ्या नणंदेच्या गराजमध्ये फरशीवर बसून हातोडीने नारळ फोडत होते. आमच्या गराजमध्ये सायकली, टायर आणि आमच्या ह्यांची दुरुस्तीला काढलेली यंत्रं यांतून मांडी घालायला जागा मिळत नाही. वन्संच्या गराजमध्ये एक गाडी आणि दोन घडीच्या खुर्च्या, बस्स. वन्सं उलट्या बादलीवर बसल्या होत्या, पण खोबरं खवायला नव्हे. स्वयंपाकघरातला फोन लांब वायर ओढून त्यांनी पायरीवर आणून ठेवला होता आणि त्या त्याच्याकडे टक लावून होत्या. बाहेर कर्टिस नावाचा चांगला सहा फूट उंच मुलगा त्यांच्या अंगणातलं गवत कापत होता. आदल्या दिवशी त्याला व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या संघातून काढून टाकलं होतं. अशा खेळाडूला दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत एखादा दुसरा संघ उचलू शकतो. चारच्या आत फोन आला तर तो खेळाडू राहणार होता, नाहीतर गावी जाऊन मामाच्या टायरच्या दुकानात बसणार होता.

अमेरिकेतल्या तमाम मराठी माणसांत वाइड रिसीव्हर या जमातीची काळजी वाहणारी माणसं एका बोटावर मोजता येतील, आणि ते बोट माझ्या नणंदेचं आहे. वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहणारा, इशारा होताच पळत सुटणारा आणि लांबून फेकलेला बॉल झेलणारा गडी. वन्सं भूलतज्ज्ञ आहेत. लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणतात, "त्या दिवशी ड्यूटी होती." रविवारच्या ड्यूटीला डॉक्टरांच्या खोलीतल्या टीव्हीवर फुटबॉल चालू असायचा, तिथे हे वेड लागलं. बाकीचे डॉक्टर बॉलकडे बघून ओरडायचे. वन्संना ती सवयच नाही. ऑपरेशनच्या वेळी सगळ्यांची नजर सर्जनच्या हाताकडे असते, भूल देणाऱ्याची मात्र काहीही न करता पडून असलेल्या माणसाकडे. "बॉल काय, सगळेच बघतात," त्या मला एकदा म्हणाल्या. "मी ज्याच्याकडे बॉल जात नाही त्याला बघते. खरा खेळ तिथे कळतो." मी म्हटलं, "वन्सं, मला तर बॉलही दिसत नाही." त्यावर त्यांनी माझ्याकडे हताश नजरेने पाहिलं आणि पुढची तीन वर्षं मला शिकवणं सोडलं नाही.

त्यांचा सिद्धांत असा की रिसीव्हर तयार व्हायला तीन वर्षं लागतात, त्याआधी त्याला कुणी नावं ठेवू नयेत. कॉलेजात तो सगळ्यांहून वेगाने पळत असतो म्हणून त्याला व्यावसायिक संघात घेतात. इथे आल्यावर दिसतं की सगळेच तसे पळतात. मग तो विचार करायला लागतो, आणि विचार करणारा माणूस पळताना एक पाऊल मागे पडतो. तो विचार अंगात मुरून पाय पुन्हा मोकळे व्हायला तिसरं वर्ष उजाडतं. गुरुत्वाकर्षणासारखं हे सगळ्यांना लागू आहे असं त्या सांगतात, पण मला माहीत आहे हे त्यांना कुठून सुचलं. मिरजेहून पूर्ण शिकलेली डॉक्टर इकडे आली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून उमेदवारी करावी लागली. "माझे हात कुणापेक्षा कमी नव्हते गं," त्या म्हणाल्या होत्या, "पण मी उभी चुकीच्या जागी असायचे. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, एक्सक्यूज मी, डॉक्टर." यापलीकडे त्या काळाबद्दल मी त्यांच्या तोंडून काही ऐकलेलं नाही.

रिसीव्हरच्या पळण्याच्या वाटा ठरलेल्या असतात आणि त्यांना आकडे असतात. सम आकडा असेल तर आत वळायचं, विषम असेल तर बाहेर. वन्संनी ते आकडे पाढ्यांसारखे पाठ केले आणि मग त्यांचं सरळ चालणं संपलं. ग्रोसरीच्या दुकानात डाळीच्या रांगेतून ढकलगाडी ढकलत त्या बारा पावलं जोरात जायच्या आणि खांदा न झुकवता काटकोनात दुधाकडे वळायच्या. "बघ, शेवटपर्यंत कळलं का तुला, मी कुठे वळणार ते?" मला कळलं नव्हतं, आणि अंड्यांचा खोका घेऊन समोरून येणाऱ्या गृहस्थालाही नाही. दिवाळीच्या जेवणाला आमच्याकडे तीस माणसं होती. दारापाशी चपलाबुटांचा ढीग. वन्संनी तो ढीग पसरून दोन संघ मांडले आणि हॉलमधल्या मुलांना डाव समजावायला बसल्या. निघायच्या वेळी बेलसरे काका हात जोडून उभे. "डॉक्टर, माझा डावा बूट द्या, उद्या ऑफिस आहे."

"तो मागे राखणीला आहे," वन्सं मान वर न करता म्हणाल्या. "डाव संपू दे."

काका पंधरा मिनिटं एका पायावर थांबले. काकू आनंदाने पुन्हा चहा प्यायल्या.

इथली आपली माणसं रजा साठवतात ती भारतात जायला. वन्सं साठवतात ती जुलै-ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजच्या मैदानावर बसायला. तिथे एका व्यावसायिक संघाचा सराव असतो आणि कुणालाही कुंपणाशी बसून बघता येतो. घडीची खुर्ची, छत्री, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात दडपे पोहे. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिथे त्यांनी कर्टिसला हेरलं. नवीन आलेला, छोट्या कॉलेजचा, वाऱ्यासारखा पळायचा आणि हातात आलेला बॉल सोडायचा. "बाकीचे बॉल सुटला की आकाशाकडे बघतात. हा स्वतःच्या पायांकडे बघतो," वन्सं म्हणाल्या. "हा शिकेल." मग त्यांनी जे केलं ते आपल्याच लोकांना सुचेल. सराव संपल्यावर कुंपण ओलांडून त्या रिसीव्हरांच्या प्रशिक्षकाकडे गेल्या आणि पालक-शिक्षक सभेत विचारावं तसं विचारलं, "हा मुलगा कितवा आला?"

प्रशिक्षकाने विचारलं, "मॅम, तुम्ही त्याच्या नात्यातल्या का?"

"नाही. मी डॉक्टर आहे." कुठल्याही प्रश्नाला हे उत्तर चालतं अशी आपल्या लोकांची समजूत आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चालतं.

"सहावा," तो म्हणाला. "आम्ही पाच ठेवतो."

"मग पाचव्याला असं काय येतं, जे ह्याला येत नाही?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पाचव्याला ठाऊक असतं की बॉल आपल्याकडे येणार नाही, तरी तो जिवाच्या आकांताने पळतो. हा तेव्हा निम्म्या जोराने पळतो. समोरच्याला लगेच कळतं की बॉल दुसरीकडे जातोय."

वन्सं तिथून थेट कर्टिसकडे गेल्या. काय बोलल्या ते मला त्याच्याकडून कळलं. "त्यांनी नाव विचारलं नाही," तो म्हणाला. "म्हणाल्या, बॉल तुझ्याकडे येणार असला की तू आधी मोठा श्वास घेतोस. खांदे वर जातात. मला कुंपणापासून दिसतं, तर समोरच्या राखणदाराला दिसणार नाही का?"

त्या वर्षी एकाचा गुडघा गेला म्हणून हा राहिला. दुसऱ्या वर्षी ह्याचीच मांडी दुखावली. सगळा मोसम बाहेर बसून काढला आणि दर रविवारी वन्सं फोनवर त्याची उजळणी घ्यायच्या. मी त्यांच्याकडे भाजी निवडत बसलेली असायचे. एका कानाने ऐकून मलाही बरंच येऊ लागलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात सराव संपल्यावर तो एकटा मागे राहायचा. बॉल फेकणारं एक यंत्र असतं, त्यात कुणीतरी एकामागून एक बॉल घालावे लागतात, आणि ते काम करणाऱ्या माणसाला जेवायची घाई असायची. ते वन्संनी हातात घेतलं. पांढरे कॅनव्हासचे बूट, कॉटनची साडी खोचलेली, केस पिकलेले, आणि समोर हा मुलगा छातीशी न घेता नुसत्या बोटांत बॉल झेलतोय. तिथल्या एकाने विचारलं, ह्या कोण? कर्टिस म्हणाला, "माझ्या डॉक्टर." मी एका रविवारी जाऊन बघितलं. मला असल्या गोष्टींचं कौतुक चटकन वाटत नाही. पण परतताना गाडीत बसल्यावर लक्षात आलं की त्याच्या हातून एकही बॉल सुटला नव्हता, आणि वन्संनी एकदाही शाबास म्हटलं नव्हतं.

तरी सोमवारी त्याला काढलं. ह्या वेळी तो पाचवा होता, प्रशिक्षकाने स्वतः सांगितलं. पण संघाला एक आडदांड गडी जास्त हवा होता, म्हणून रिसीव्हर चारच ठेवले. गुणवत्ता यादीत नाव लागावं आणि जागाच कमी कराव्यात तसं. वन्सं गाडी घेऊन गेल्या आणि त्याला मोटेलवरून घरी घेऊन आल्या. जेवताना त्याने सांगितलं. सकाळी दारावर थाप पडते आणि माणूस म्हणतो, कोच बोलावतायत, तुझं डावांचं पुस्तक घेऊन ये. पुस्तक मागितलं की समजायचं, काढलं. "मी ते परत दिलं," कर्टिस म्हणाला, "आणि देताना तुम्ही शिकवलंय तसं कपाळाला लावलं. कोचला वाटलं मला चक्कर येतेय." पहिल्या वर्षी ते पुस्तक गवतावर पडलेलं असताना त्याचा पाय लागला होता आणि वन्संनी त्याला नमस्कार करायला लावला होता, ती गोष्ट. मी हसले. वन्सं मात्र उठून वरण गरम करायला गेल्या, आणि वरण गरमच होतं.

तर मंगळवारी मी नारळ फोडत होते. दोन वाजले, अडीच वाजले. मी म्हटलं, "वन्सं, नुसत्या बसलात त्यापेक्षा खवणी घ्या." त्यांनी घेतली आणि खोबऱ्याबरोबर करवंटीलगतचा तपकिरी थरही खवून ठेवला. मी गुपचूप ते बाजूला काढलं, बर्फीला चालेल म्हणून. तीननंतर फोन वाजला. त्याचा एजंट होता. वन्सं उभ्या राहून ऐकत होत्या, "हो" आणि "पुन्हा सांगा" एवढंच म्हणत होत्या. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"कॅलिफोर्नियाच्या संघाने उचललं. सराव सामन्यांच्या फिल्मा पाहिल्या त्यांनी." त्या म्हणाल्या. "अगं, त्याने झेललेले बॉल नाही पाहिले. एका डावात बॉल दुसऱ्याकडे गेला होता आणि दोन राखणदार शेवटपर्यंत ह्याच्याच मागे पळत राहिले. ते पाहून घेतलं त्याला."

"मग सांगा जाऊन त्याला."

"तू सांग," त्या म्हणाल्या आणि बादलीवर बसल्या. मी तशीच हातोडी घेऊन अंगणात गेले. गवताच्या यंत्राच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना आणि हातोडी बघून तो दोन पावलं मागे सरला. यंत्र बंद करवून मी सांगितलं. मग त्याने यंत्र पुन्हा चालू केलं आणि उरलेलं गवत पूर्ण कापलं. मला ते आवडलं.

विमान दुसऱ्या दिवशी सकाळी नूअर्कहून होतं. वन्संना सातला पेशंट होता, आणि पेशंट त्या कुणासाठीही बदलत नाहीत. म्हणून पहाटे मी त्याला घेऊन निघाले. टर्नपाइकच्या हायवेला लागेपर्यंत त्याने वन्संनी बांधून दिलेले पराठे संपवले आणि गुडघे आखडून झोपला. मी गाडी पार्क करून गेटपर्यंत गेले. तिथे तो "थँक यू, मॅम" म्हणाला, मी "तिकीट वरच्या खिशात ठेव" म्हटलं, आणि तो गेला. विमान हलेपर्यंत काचेपाशी उभी होते.

तिथून कामावर जायला हवं होतं, पण मी वन्संच्या हॉस्पिटलात जाऊन बसले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. एक नर्स ओळखीची निघाली. ती म्हणाली, "आज पेशंट झोपेपर्यंत डॉक्टर त्याला त्या फुटबॉलवाल्याचंच सांगत होत्या. जागा झाल्यावर त्याने आधी विचारलं, कोणत्या संघाने घेतला म्हणालात?"

वन्सं ऑपरेशनची टोपी तशीच डोक्यावर ठेवून आल्या. आम्ही खाली जाऊन कॉफी घेतली.

"वेळेवर सुटलं?"

"सुटलं."

"काही विसरला नाही ना?"

"नाही."

"तिकडे पाऊस कमी. मैदान कोरडं असतं," त्या म्हणाल्या. कपाची कड बोटाने पुसत राहिल्या. "तिथला सराव बघायला जाणं काही जमायचं नाही. लांब आहे फार."

"लांब आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांना पुढच्या पेशंटसाठी बोलावणं आलं आणि त्या उठून गेल्या. त्यांची अर्धी कॉफी तशीच होती. ती मी पिऊन टाकली, दोन्ही कप नेऊन ठेवले आणि कामावर गेले.