काळी एकमध्ये लावलेली पेटी

वहिनीच्या भजनी मंडळाची पेटी मी बिघडवली. पाडली नाही, भिजवली नाही, शास्त्रशुद्ध बिघडवली.

महाडला निवृत्त होऊन बसल्यापासून मला श्रुतींचं वेड लागलं होतं. सप्तकात बारा स्वर कसले, बावीस श्रुती आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे, हे मी दूधवाल्यालाही दारात उभं करून ऐकवलेलं. पोलादपूरच्या पुढे आमचं गाव. तिथे वहिनी बायकांचं भजन चालवते. यंदाच्या उत्सवात देवळात त्यांना पहिल्यांदाच गायची बारी मिळाली होती, तीही मुंबईकर पुरुषमंडळींच्या आधी. "भावजी, एक सूर चिरकतोय, तेवढा बघा," म्हणून तिने पेटी माझ्याकडे पाठवली.

तेवढाच बघणारा मी नव्हे. मी सगळेच सूर घासून श्रुतींत बसवले आणि पट्ट्यांवर नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या : मंदा, रंजनी, रक्तिका, रोहिणी, रम्या. मग माझ्या पट्टीत, पहिल्या काळीला सा धरून म्हणजे काळी एकमध्ये, वाजवून पाहिलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

देवळात पेटीवर मीच हौसेने बसलो. वहिनीने नेहमीप्रमाणे काळी पाचमधून सुरुवात केली. सा लागला, रे लागला. गंधाराला पेटी जी वर निघून गेली, ती वहिनीला सोडूनच.

"पेटीचा सेल गेलाय काय?" पुढे बसलेला एक मुंबईकर म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाजारची पेटी सगळ्याच पट्ट्यांत थोडी थोडी खोटी असते, म्हणून कुठूनही चालते. मी लावलेली एका पट्टीत अगदी खरी. दुसरीकडून सुरू केलं, की तिच्या तोंडून भलतंच यायचं.

"काय केलंत ओ ह्ये?" वहिनी दबक्या आवाजात.

"काळी एकमधून गा, वहिनी. स्वर्ग दिसेल."

"तिथून बाप्ये गातात. मी काय रेड्यावानी हंबरू?"

मागून टाळवाली म्हातारी कुजबुजली, "आवर गो, बाप्ये उठायला लागले."

खरंच, पुरुषांचा मृदंग कोपऱ्यातून पुढे सरकू लागला होता. मी घाईघाईने पट्ट्या चाचपल्या. काळी पाचचे सा आणि प शाबूत होते. म्हटलं, "मी हे दोन धरून बसतो. तुम्ही गा."

अख्खी बारी मी दोन पट्ट्या दाबून भाता मारत बसलो. वहिनी अशी काही गायली, की लोकांनी आणखी एक अभंग मागितला आणि मृदंग परत कोपऱ्यात गेला.

शेवटी तिने पेटी ओढून घेतली आणि चिठ्ठ्या वाचल्या.

"ह्या कोन?"

"श्रुती. अशा बावीस आहेत."

"सगळ्या बायाच?"

"हो."

"बावीस बायांची नावं पाठ केलीत भावजी, आनि जी गानार तिला एकदा इचारलं नाय, बाय गो, तुझी पट्टी कुठची!"