आत ठेवलेला पडदा

मित्सुएचं दुकान म्हणजे ओसाकातल्या तेन्गाचायाच्या गल्लीत दोन घरांच्या फटीत कसंबसं बसवलेलं बोळकांडं. एक लांब लोखंडी तवा, पुढे सहा स्टुलं आणि तव्यामागे मित्सुए. बारीक चिरलेला कोबी पिठात कालवायचा, तव्यावर पसरून वर डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या घालायच्या आणि धिरड्यासारखी जाडजूड ओकोनोमियाकी दोन्ही अंगांनी खरपूस भाजायची. नवरा गेला तरी तिने तवा थंड होऊ दिला नाही. जीभ तर तव्याहून तापलेली. "खायचंय, की नुसतं बघायचंय?" असं गिऱ्हाइकाला तोंडावर विचारणार. ओसाकात अशाच बाईला लोक मायाळू म्हणतात, काय करता!

भिंतीकडचं स्टूल कानेमोरी-सानचं. हा म्हातारा आयुष्यभर तातामीच्या चटया शिवत आला. उभा जन्म ओसाकात गेला, पण मूळचं क्योतोचं वळण काही सुटलं नाही. क्योतोचा माणूस नको असलं तरी नको म्हणत नाही, हवं असलं तरी हवं म्हणत नाही, समोरच्याने ओळखायचं. बायको वारल्यापासून त्याचं दुपारचं जेवण इथेच. त्याचं छोटं उलथनं वेगळ्या खिळ्याला टांगलेलं असे. बशी घ्यायचा नाही. तव्यावरच चौकोनी तुकडे पाडायचे आणि उलथन्यानेच थेट तोंडात.

"जीभ भाजेल एक दिवस! मग माझ्या नावाने बोंब नको."

"तुमचं बोलणं पचवलेली जीभ आहे, मित्सुए-सान. तव्याचं काय घेऊन बसलात?"

हे संभाषण रोजचं. रोज दोघंही नव्याने हसायची.

एका बाबतीत मात्र हा माणूस भारी हट्टी. दारावर निळा कापडी पडदा लटकत असेल तर दुकान उघडं, पडदा आत असेल तर बंद, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण कानेमोरी-सानची तऱ्हाच न्यारी. एकदा ऐन थंडीत मित्सुए पडदा लावायला विसरली, तर हा बाहेर कुडकुडत उभा.

"अहो, हाक मारायला काय झालं होतं? दार उघडंच होतं की!"

"पडदा नव्हता," तो म्हणाला. विषय संपला.

आणि मग कुणा पाहुण्याने दुकानाचा व्हिडिओ काढला. झालं! कुठकुठल्या देशांतली माणसं गल्ली धुंडाळत येऊ लागली. दार उघडायच्या आधीच रांग. कानेमोरी-सान येऊन रांगेच्या शेपटाला उभा राहायचा. मित्सुए तव्यामागून ओरडायची, "अहो, या की आत! तुम्ही कशाला उभे?" तो पुढच्या अनोळखी माणसांना मान लववायचा आणि जागचा हलायचा नाही. पाय भरून आले की मुकाट घरी जायचा. पुढेपुढे येणंच कमी झालं. त्याच्या स्टुलावर रोज कुणीतरी नवीन बसायचं, आणि मित्सुए खिळ्यावरच्या उलथन्याकडे बघायची. चिडावं तर कुणावर? पाहुणे बिचारे हात जोडून खायचे, जाताना चारचारदा आभार मानायचे.

एका सकाळी ती कोबी चिरत होती. पडदा नुकताच लावलेला, गल्ली रिकामी. कानेमोरी-सान आत येऊन उभाच राहिला.

"पुतण्याने सेन्दाईला वृद्धाश्रमात सोय केलीय. शनिवारी न्यायला येतोय. सगळं छान आहे म्हणतात तिथे."

मित्सुएची सुरी थांबली. "सेन्दाई? अहो, ते कुठल्या कुठे!"

"लांब आहे खरं. शनिवारी दुपारी येईन म्हणतो. तव्यावरची गरम मिळाली तर बरं वाटेल."

क्योतोच्या माणसाने एवढं तोंडाने मागणं म्हणजे पाय धरण्यासारखंच. तो गेल्यावर मित्सुए कोबीपुढे डोळे पुसत बसली. इकडचं जग तिकडे होवो, या माणसाला शेवटची ओकोनोमियाकी निवांत, त्याच्या स्टुलावर खाऊ घालायचीच, असं तिने ठरवून टाकलं.

शनिवारी तिने पडदा बाहेर काढलाच नाही. लोक आले, बंद पाहून हळहळत परत गेले. पडद्याची काठी दाराशी तयार ठेवलेली. कानेमोरी-सान कोपऱ्यावर दिसला की धावत जाऊन लावायचा, तो बसला की पुन्हा आत घ्यायचा, म्हणजे त्याचंही समाधान. दुपार होत आली तशी तिने त्याची ओकोनोमियाकी तव्यावर टाकली.

तेवढ्यात दार सरकलं. एक परदेशी जोडपं, पाठीवर ओझी, उन्हाने लालबुंद. त्यांना पडद्यातलं काय कळणार? वास आला, आत शिरले.

"बंद! बंद आहे!" मित्सुएने छातीशी हातांची फुली केली. त्या गृहस्थाला तो नमस्काराचा प्रकार वाटला. त्यानेही हसत तश्शीच फुली करून दाखवली. बाई मात्र भिंतीकडच्या स्टुलावर मटकन बसली. बघता बघता चेहरा पांढराफटक पडला. आता अशा बाईला हाताला धरून कसं काढायचं? मित्सुएने 'मेली आत्ताच कडमडली' म्हणत पाणी दिलं, ओला रुमाल मानेवर ठेवला, वारा घातला. तिची पाठ दाराकडे होती.

बाई जरा सावरली, तेव्हा समोरच्या लॉन्ड्रीतली चिझुरू डोकावली.

"कानेमोरी-सानना आत का नाही बोलावलंत हो?"

"कुठे आहेत?"

"गेले की! पडदा आत, आणि काचेतून माणसं बसलेली दिसली. म्हणाले, आज खास पाहुण्यांसाठी राखलेलं दिसतंय. मी म्हटलं हाक मारते, तर म्हणाले, नको, जेवत्या माणसांना त्रास नको. दारापुढे वाकून नमस्कार केला हो. कितीतरी वेळ वाकलेलेच होते."

"आणि तू जाऊ दिलंस? अगं बये!"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, तुम्हीच नाही म्हटलं असेल."

मित्सुए एप्रनसकट पळत सुटली. या वयात, त्या उन्हात. त्याच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पुतण्या ठरल्यापेक्षा लवकर आला होता, गाडी आत्ताच गेली. मित्सुए रिकाम्या रस्त्यावर "कानेमोरी-सान!" म्हणून दोनदा ओरडली.

परतली तेव्हा त्या दोघांनी गॅस बारीक करून ओकोनोमियाकी जळू दिली नव्हती, आणि तिला हातही लावला नव्हता. बाई स्टुलावरून उठून उभी होती. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं होतं. दोघं पुन्हा पुन्हा मान लववत निघून गेली. त्यांचाही काय दोष!

मित्सुएने खिळ्यावरचं उलथनं काढून तव्याशी ठेवलं. गाडीतून त्याचं मन फिरलं तर? पुतण्याला म्हणाला, जरा मागे घे, तर? पडदा दिसायला हवा. तिने काठी उचलली आणि पडदा बाहेर लावला.

पडदा दिसला मात्र, कोपऱ्यावरून माणसं येऊ लागली. सगळी अनोळखी, सगळी हसतमुख. पहिला आलेला तरुण सरळ भिंतीकडच्या स्टुलावर जाऊन बसला.

"तिथे नको हो," मित्सुए म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. त्याने हात जोडले. तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.