आत्याबाईंचे डोळे

"हा मोतीबिंदू नाही. ह्याला ग्लॉकोमा म्हणतात, काचबिंदू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डाव्या डोळ्याची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उजव्याचं काय वाचतंय ते बघू."

नगरच्या मिशन दवाखान्यातल्या बाकावर मी आणि माझ्या सासूबाई, राहेलबाई, शेजारी बसलो होतो. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांनी शांतपणे विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"दोन आठवडे आधी आला असतात, तर बहुतेक दोन्ही वाचले असते."

त्या दोन आठवड्यांचं मी सांगते, कारण तुमच्या घरातही कुणी असं दुखणं अंगावर काढत असेल.

डोळ्याच्या आत पाणी असतं. ते बाहेर जायची वाट अडली की आतला ताण वाढतो आणि मागची शीर दबते. ती शीर एकदा मेली की औषध नाही. डॉक्टरबाईंनी मला समजावलं ते असं.

आमचं गाव सोनईजवळ. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, मिशनच्या शाळेत शिकवायचे. नाताळात देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येशूजन्माची गव्हाणी मांडायची, तिच्यातली सगळी चित्रं आत्याबाई ओढ्याच्या मातीची करायच्या. त्यांचे मेंढपाळ आमच्याच शिवारातले धनगर असायचे, घोंगडीसकट. मरीयेला एका वर्षी त्यांनी गावच्या सुईणीचा चेहरा दिला, तर सुईण तीन वेळा येऊन बघून गेली.

त्या वर्षी त्यांनी देवदूताच्या हातात कंदील दिला आणि त्याच्याभोवती रंगांची कडी रंगवली. आम्ही विचारलं, हे कुठून सुचलं? त्या म्हणाल्या, "सुचलं न्हाई. दिसतंय तसं केलं. कंदिलाभोवती मला रोज इंद्रधनुष्य दिसतं."

सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली. तेच दुखण्याचं पहिलं लक्षण होतं, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाताळानंतर त्यांचं अर्धं डोकं ठणकलं, डोळा लाल झाला, उलट्या झाल्या. आम्ही पित्त म्हणून सुंठ उगाळली. ठणका कमी झाला म्हणून निश्चिंत झालो. दोन आठवड्यांनी चहा ओतताना धार कपाबाहेर जाऊ लागली, तेव्हा कुठं मी त्यांना कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या प्रवासी मोटारीत बसवून नगरला आणलं.

आधी थेंब सुरू झाले. ते घातले की कपाळ दुखायचं, पण ताण उतरायचा. मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, इरिडेक्टमी. बुबुळाच्या रंगीत पडद्याला कडेशी बारीक खिडकी पाडायची, म्हणजे पाण्याला वाट मिळते. भूल फक्त डोळ्यापुरती. आत्याबाई आत गेल्या तेव्हा मी दाराबाहेर उभी राहिले. प्रार्थना करायची होती, पण शब्द आठवेनात.

पुढचे दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी. खोकायचं नाही, हसायचंही नाही. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मार्था, हाताला कायतरी दे गं."

दवाखान्याच्या आवारात नातेवाइकांसाठी चूल होती, तिथं मी भाकरी करायची. तिथून मळलेल्या पिठाचा गोळा आणून दिला. निजल्या निजल्या, छातीवर हात ठेवून, त्यांनी बैल केला. सिस्टर रागावल्या. मग बैल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याला जोडीदार करा. पण मान हलवायची नाही."

पट्टी सुटली त्या सकाळी डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय दिसतं?" आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लई वाळलीस गं," त्या म्हणाल्या. मला रडू आवरलं नाही.

घरी न्यायला मास्तर आले. डॉक्टरबाई जाता जाता म्हणाल्या, "हे दुखणं रक्तात असतं. ह्यांच्या मुलांचेही डोळे तपासून घ्या." मास्तर म्हणाले, "सुट्टीत बघू. मला काही त्रास नाही."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "शिमोन, दिवेलागणीला तू कपाळ का चोळतोस?"

"पोरांच्या वह्या तपासून दुखतं गं."

"कवापासनं?"

मास्तरांनी गाठोडं उचलायला हात पुढे केला. आत्याबाई गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर परत बसल्या. "ह्याचं बघितल्याबिगर मी मोटारीत बसनार न्हाई."

मोटार गेली. मास्तरांना आत नेलं. डोळ्यावर एक छोटं वजनाचं यंत्र टेकवून ताण मोजला. दोन्ही डोळ्यांत तो वाढलेला होता. नजर मात्र पूर्ण शाबूत होती. त्याच महिन्यात त्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली.

आत्याबाई त्यानंतर वीसएक वर्षं जगल्या. पाखरासारखी मान वळवून एका डोळ्यानं बघायच्या. मातीचं काम सुटलं नाही. नाकडोळे बोटांनी चाचपून करायच्या, ते आधीपेक्षा साधे झाले, मला तर जास्त आवडायचे. डाव्या डोळ्याबद्दल त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. मी मात्र तेव्हापासून कुणी म्हातारं माणूस काही वेगळं दिसतंय म्हणालं, तर कौतुक करायच्या आधी विचारते, कधीपासून? दुखतं का? तुम्हीही विचारा.

नव्वदीच्या आसपास, एका दुपारी, आत्याबाई जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मातीला आमच्या पाळकांना परगावाहून यायला उशीर होणार होता. लोक जमले होते, ऊन चढत होतं. तेव्हा मास्तरांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि आईच्या शवपेटीजवळ उभं राहून बारीक अक्षरातला सगळा अध्याय स्वतः वाचला, एकही ओळ न चुकता.